मऊ लागलं म्हणून

आजचा विषय ऐकून आयोजकांपैकी एकानं मला विचारलं होतं, "बास्केटबॉल? तोही अमेरिकेतला? लोक येतील का?" तुम्ही आलात. बाहेर पाऊस पडतोय हेही एक कारण असेल, पण मी ते मनावर घेत नाही.

मी खेळाडू म्हणून फारसा कुणी नव्हतो. जिल्ह्यापर्यंत खेळलो आणि नंतर बावीस वर्षं शालेय आणि क्लबच्या स्पर्धांमध्ये शिट्टी फुंकली. त्यामुळे खेळाकडे मी धक्क्यांच्या बाजूनं बघतो. कोणी कोणाला ढकललं, कोण पडलं, कोण पडल्याचं नाटक करतंय, हे बघायची सवयच लागली. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचे सामने रात्री जागून बघायला लागलो, तेव्हा तिथला एक शब्द कानात सारखा खुपायचा. सॉफ्ट. बाहेरून आलेल्या, विशेषतः युरोपातून आलेल्या खेळाडूला लावायचं ठरलेलं लेबल. आपल्याकडे शामळू म्हणतात, लेचापेचा म्हणतात. हा गडी नेम चांगला धरतो, पण अंगाला अंग भिडलं की मागे सरतो, असा त्याचा अर्थ. हे लेबल रास्त आहे का, एवढंच आज बघायचंय.

सुरुवात बार्सिलोनापासून करू. १९९२चं ऑलिंपिक. जॉर्डन, पिपेन, मॅजिक, बर्ड असा अमेरिकेचा तो प्रसिद्ध संघ, आणि समोर क्रोएशिया. क्रोएशियाकडे टोनी कुकोच नावाचा उंच, सडपातळ, डावखुरा पोरगा होता. जॉर्डन-पिपेनच्या शिकागो बुल्सनं त्याला १९९०च्या ड्राफ्टमध्येच, म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडून ठेवलं होतं आणि बुल्सचे व्यवस्थापक जेरी क्राउस त्याच्या कौतुकात बुडाले होते. इकडे पिपेनला स्वतःच्या कराराची चिंता. घरच्या मुलाला कोरडी भाकरी आणि पाहुण्याला पुरणपोळी, असं त्याला वाटलं. मग पहिल्या सामन्यात जॉर्डन आणि पिपेन दोघांनी मिळून कुकोचला असं काही धरलं की त्याला श्वास घेता येईना. त्याचे गुण झाले चार. सामना १०३-७०. झालं, शिक्का बसला.

पण त्याच स्पर्धेचा शेवटचा सामना कोणी आठवत नाही. त्यातही अमेरिका जिंकली, ११७-८५. मात्र कुकोचनं १६ गुण केले, ९ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट करून देणारे पास, दिले. पहिल्या दिवशी ज्यांनी गुदमरवलं त्यांच्यासमोरच. आणखी एक गोष्ट. हा मुलगा स्प्लिटचा. आदल्या वर्षी, १९९१ साली, युगोस्लाविया फुटतानाच्या युद्धात त्याच्या शहरावर समुद्रातून तोफा डागल्या गेल्या होत्या. त्याचा सहकारी ड्राझेन पेट्रोविच शिबेनिकचा, तिथंही लढाई झाली होती. त्या देशातून आलेल्या पोरांना टणकपणा शिकवायला निघालेले लोक पाच हजार मैलांवर सुखात राहत होते. असो.

दोन वर्षांनी, १३ मे १९९४. जॉर्डन निवृत्त होऊन बेसबॉल खेळायला गेलाय, कुकोच आता बुल्समध्ये आहे, आणि बुल्स न्यूयॉर्कविरुद्धची मालिका ०-२ने हरतायत. तिसऱ्या सामन्यात १०२-१०२ अशी बरोबरी आणि घड्याळात १.८ सेकंद. प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी आखणी केली: शेवटचा फटका कुकोच मारेल, पिपेननं बाहेरून चेंडू आत द्यायचा. पिपेन बेंचवर बसला तो उठलाच नाही. शेवटचा फटका मला नाही, तर मी कोर्टवरच जाणार नाही. पीट मायर्सनं चेंडू आत टाकला, कुकोचनं वळून, अंगावर माणूस असताना, फटका मारला. १०४-१०२.

मी पिपेनला नावं ठेवायला हे सांगत नाही. तो थोर खेळाडू होता आणि त्या मोसमात बुल्सचा सगळा भार त्यानंच वाहिला होता. पण मला सांगा, त्या १.८ सेकंदांत कच खाल्ली कोणी? आणि 'अमेरिकन खेळाडू ऐन वेळी रुसून बसतात' असा नियम त्यावरून कोणी काढला का?

आता दुसरी बाजू. हे लेबल हवेतून पडलेलं नाही. युरोपातले सात फुटी खेळाडू खरोखरच रिंगपासून लांब खेळायचे. त्याचं कारण मात्र भीती नव्हतं, नियम होते. आंतरराष्ट्रीय नियमांत रिंगखालचा तो रंगवलेला चौकोन २०१०पर्यंत चौकोन नव्हताच, तळाशी सहा मीटर पसरलेला समलंब होता. त्यात आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणजे धिप्पाड माणसाला रिंगपासून लांब उभं राहावं लागायचं. शिवाय झोन डिफेन्सला, म्हणजे माणूस न धरता जागा राखायला, मुभा. बचाव करणारा रिंगखाली तंबू ठोकून बसला तरी चालायचं. एनबीएत २००१पर्यंत झोनला बंदी होती, आणि आजही बचाव करणाऱ्याला माणूस न धरता तिथं तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळता येत नाही. मग युरोपातला प्रशिक्षक काय करणार? तो आपल्या उंच पोराला बाहेरून नेम धरायला शिकवणार, पास द्यायला शिकवणार, म्हणजे तो तंबू उठून बाहेर येईल. ही मुलं अमेरिकेत आली आणि लोक म्हणाले, बघा, आत यायला घाबरतो. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच तर उघड म्हणाला की एनबीएत गुण करणं युरोपापेक्षा सोपं आहे. तेव्हा पुष्कळांना मिरच्या झोंबल्या.

पडण्याचं नाटक, ज्याला फ्लॉप म्हणतात, त्याचाही आरोप होतो. सर्बियाचा व्लादे दिवात्स त्यात उस्ताद होता, हे मी पंच म्हणून छातीठोक सांगतो. पण डेट्रॉइटचा बिल लेंबियर काय कमी होता? तो कोपरं मारायचा आणि कोणी बोट लावलं की लोळायचा. त्याला कोणी सॉफ्ट म्हटलं नाही, त्याच्या संघाला 'बॅड बॉइज' म्हणत. लेंबियर पडला की डाव, दिवात्स पडला की स्वभाव.

आपल्याकडे म्हण आहे, मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये. बास्केटबॉलच्या पंचांना ही म्हण शब्दशः लागू पडते. या म्हणीचं मला दिसलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे स्पेनचा पाऊ गसोल. फेब्रुवारी २००८मध्ये तो मेम्फिसहून लॉस एंजलिसच्या लेकर्सकडे आला. लेकर्सचा तरुण सेंटर, म्हणजे रिंगखाली झुंजणारा धिप्पाड खेळाडू, अँड्र्यू बायनम गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर होता, म्हणून मुळात फॉरवर्डला शोभणाऱ्या या माणसाला सेंटरला उभं केलं. अंतिम फेरीत समोर बोस्टन. केंड्रिक पर्किन्स नावाचा दगडी बुरूज आणि सोबत केव्हिन गार्नेट. सहाव्या सामन्यात लेकर्स १३१-९२ असे हरले. एकोणचाळीस गुणांनी! अख्खा संघ हरला, पण दुसऱ्या दिवशी नाव एकाचंच. त्याच्या आडनावाची तोडमोड करून 'गॅसॉफ्ट' केलं.

पुढच्या वर्षी लेकर्स जिंकले, पण समोर बोस्टन नव्हतं, म्हणून ते धरलं नाही. मग आला जून २०१०. पुन्हा बोस्टन, सातवा सामना, १७ तारीख. आपल्याकडे १८च्या सकाळी मी चहा गार करत तो बघितला. सामना कुरूप होता. कोणाचाच चेंडू आत जाईना. कोबी ब्रायंटनं चोवीस फटके मारले, सहा आत गेले. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेकर्स तेरा गुणांनी मागे. अशा सामन्यात नेमबाजी कामाची नसते, रिंगवर आपटून परत येणारा चेंडू कोण हिसकावतो त्यावर सगळं ठरतं. गसोलनं १८ रिबाउंड घेतले. त्यातले नऊ आक्रमणाच्या टोकाला, म्हणजे आपल्याच संघाचा चुकलेला फटका चार हातांच्या गर्दीतून ओढून काढलेला. तिथं पाठीत कोपर बसतं, बरगडीत गुडघा बसतो, आणि पंच त्यातलं अर्धंच बघतो. ८३-७९. सामना जिंकला तो त्या चुकलेल्या फटक्यांच्या गोळाबेरजेवर. गसोलचा १६ नंबरचा शर्ट लेकर्सनं २०२३ साली कायमचा वर टांगला, म्हणजे तो नंबर आता दुसऱ्या कोणाला मिळणार नाही.

अपयशाचा हिशेब कोणाच्या नावावर मांडतात, ते बघा. २००३च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटनं दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच हा सर्बियन मुलगा घेतला. पुढे मोठे झालेले कार्मेलो अँथनी, क्रिस बॉश, ड्वेन वेड त्याच्या मागे राहिले. डार्को चालला नाही. त्यानंतर कित्येक वर्षं कोणत्याही युरोपीय मुलाचं नाव निघालं की हा दुसरा डार्को तर नाही ना, अशी शंका. दोन वर्षं आधी पहिल्या क्रमांकावर घेतलेला क्वामे ब्राउनही चालला नव्हता. तो जॉर्जिया राज्यातला. तिथून येणाऱ्या मुलांकडे कोणी संशयानं बघितलं नाही. घरचा पोरगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. परगावचा झाला की त्याचं गाव नापास होतं.

आणि 'परदेशी खेळाडू' हा शब्दही फसवा आहे बरं का. हकीम ओलाजुवॉन नायजेरियातल्या लागोसचा. डिकेम्बे मुटोम्बो काँगोतल्या किन्शासाचा. यांना कोणी सॉफ्ट म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तेही परदेशीच ना? आफ्रिकेतून आलेल्या मुलासाठी वेगळं लेबल तयार असतं: शरीर दणकट, कौशल्य कच्चं. वास्तविक ओलाजुवॉनच्या पायांत जेवढं कौशल्य होतं तेवढं फार थोड्या सेंटर्सच्या पायांत सापडेल. म्हणजे प्रश्न पासपोर्टचा नाही. गोरा आणि लांबून नेम धरणारा दिसला की नाजूक, काळा आणि उंच दिसला की नुसती ताकद. दोन्ही लेबलं एकाच दुकानातली.

आता डर्क नोवित्स्कीबद्दल बोलावंच लागेल, कारण हा विषय निघाला की सगळे तिथंच जातात. २००७मध्ये डॅलसनं ६७ सामने जिंकले, जर्मनीचा डर्क सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि आठव्या मानांकित गोल्डन स्टेटनं त्यांना पहिल्याच फेरीत गारद केलं. संघ घरी गेल्यावर त्याला तो करंडक दिला गेला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. मग २०११ची अंतिम फेरी, समोर मायामी. पहिल्या सामन्यात त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध तुटला. दुसऱ्या सामन्यात पंधरा गुणांची पिछाडी भरून काढताना विजयी बास्केट त्यानं त्याच डाव्या हातानं केलं. चौथ्या सामन्यात अंगात १०१ ताप, तरी २१ गुण आणि ११ रिबाउंड. पाचव्या सामन्याआधी मायामीचे लेब्रॉन आणि वेड कॅमेऱ्यासमोर खोकल्याची नक्कल करताना दिसले. डॅलस ४-२ने जिंकलं. शेवटी सगळे नाचत असताना डर्क गुणलेखकांचं टेबल ओलांडून सरळ आत निघून गेला. रडायला.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, बघा, सिद्ध केलं. मला तिथंच अडखळायला होतं. कशाला सिद्ध करायला लावलं? अँटिग्वात २००२ साली अनिल कुंबळे तुटलेला जबडा बांधून गोलंदाजीला आला आणि त्यानं लाराला बाद केलं, तेव्हा आपणही असेच भारावलो होतो. मीही. पण मोडलेलं हाड हाच पुरावा मानला की आरोप करणाऱ्याचं माप आपण मान्य केलं. याओ मिंगचं काय झालं बघा. साडेसात फूट उंची. हिवाळ्यात ह्यूस्टनसाठी आणि उन्हाळ्यात चीनसाठी खेळायचं. फेब्रुवारी २००८मध्ये पायाचं हाड दुखावलं, ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकला हजर. २०११मध्ये, तिशीत, खेळ संपला. त्यानं विश्रांती घेतली असती तर त्याला काय म्हटलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आज चित्र बदललंय म्हणतात. २०१९ ते २०२५ या सात मोसमांत एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू एकदाही अमेरिकेत जन्मलेला नव्हता. ग्रीसचा यानिस, सर्बियाचा योकिच, कॅमेरूनचा एम्बीड, कॅनडाचा गिल्जस-अलेक्झांडर. आकडे बोलतात, मी त्यावर वेळ घालवत नाही.

त्यापेक्षा माझीच एक गोष्ट सांगतो. सतरा वर्षांखालच्या मुलांचा अंतिम सामना होता, मी पंच. एक उंच, काटकुळा मुलगा, हात उत्तम. समोरचा थोराड, दर वेळी याच्या बरगडीत हात खुपसायचा. काटकुळा मुलगा माझ्याकडे बघायचा आणि मी 'खेळा, खेळा' अशी खूण करायचो. मला वाटायचं, हा फारच पटकन हलतो. सामना संपल्यावर त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर ढिला म्हटलं आणि मी मनात मान डोलावली. पुढे कुण्या पालकानं केलेलं चित्रीकरण बघायला मिळालं. मी मोजले. अकरा धक्के. मी फाउल दोनच दिले होते. थोराड मुलाला त्यानं तसाच धक्का दिला असता तर तो हलला नसता आणि मी म्हटलं असतं, काय टणक आहे! काटकुळा हलला, तर त्याचीच चूक. त्या मुलानं पुढे बास्केटबॉल सोडला. माझ्यामुळे की बारावीमुळे, माहीत नाही.

ऑक्टोबर २०१९मध्ये एनबीएचे दोन संघ मुंबईत आले होते, वरळीच्या डोममध्ये. सॅक्रामेंटो किंग्ज, ज्याचे मालक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे, आणि इंडियाना पेसर्स. पेसर्सकडे डोमांटस साबोनिस होता, लिथुआनियाच्या आर्विदास साबोनिसचा मुलगा. बाप पोर्टलंडला पोचला तेव्हा तिशीत होता आणि घोट्यांची इतकी वाट लागलेली की एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, याला अपंगांच्या पार्किंगची चिठ्ठी मिळेल. त्यावर तो सात मोसम खेळला. मुलगा मात्र धडधाकट, आडवा. मी खालच्या बाजूला बसलो होतो. टीव्हीवर ऐकू येत नाही तो आवाज तिथं ऐकला: स्क्रीन लावून, म्हणजे साथीदाराच्या मागावरच्या माणसाची वाट अडवून, उभा असलेला साबोनिस, आणि पळत येऊन त्याच्यावर आदळणारा माणूस. गोणी टेम्पोतून फेकल्यासारखा आवाज. आदळता आदळता त्या माणसानं कोपर काढलं. साबोनिस जागचा हलला नाही, वळला आणि रिंगकडे निघाला. माझा हात नकळत छातीशी गेला. गळ्यात शिट्टी नव्हती.