आधी गाडी, मग सायकल

नमस्कार श्रोतेहो.

फलाटावर भरलेली सायकल ढकलत धावणारा माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो बहुधा मीच. सायकलींचा डबा पुढे असणार असं धरून मी निवांत उभा होतो आणि डबा निघाला शेपटाला. गाडी थांबणार जेमतेम दोन मिनिटं. धावताना कॅरियरच्या डाव्या पिशवीचा हूक निसटला, पिशवी मागे पडली. एका अनोळखी मुलीनं ती उचलून माझ्यामागून धावत आणली आणि दारातून आत भिरकावली. तिचे आभार मानायचेही राहून गेले.

तेव्हापासून दोन-तीन दिवसांच्या सहलीचा बेत करताना मी आधी वेळापत्रक उघडतो, नकाशा नंतर. या गाडीत सायकल चालते का? जागा आधी राखावी लागते का? मला हव्या त्या स्टेशनवर सायकल उतरवू देतात का? गाडी थांबते म्हणून सायकल उतरवता येतेच असं नाही, हे अनेकांना तिथे पोचल्यावर कळतं. शिवाय सायकलींच्या जागा मोजक्याच असतात. चौघं निघालात आणि जागा तीनच मिळाल्या, तर त्या सहलीची भांडणं वर्षभर पुरतात. घडीची सायकल असेल तर यातलं बरंच झंझट टळतं.

दुसरी गोष्ट, आणि यावर मी हटून बसतो: जाताना गाडी, येताना सायकल. उलट केलंत की शेवटच्या दिवशी डोक्यात सतत गाडीची वेळ. पंक्चर झालं की आधी घड्याळाकडे बघायचं, मग चाकाकडे. घराच्या दिशेनं सायकल चालवत असाल, तर दोन तास उशीर झाला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आता वाट कुठली? छोट्या सहलीला मला सगळ्यात आवडतात त्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या वाटा. रूळ उखडले, खाली बारीक खडी दाबून बसवली, की झाली रेल-ट्रेल. पोलादी रुळावर पोलादी चाक फार चढ घेऊ शकत नाही, घसरतं. म्हणून त्या काळच्या इंजिनियरांनी डोंगर कापले, दऱ्यांत भराव घातले, बोगदे खणले. पण चढ सहसा शंभर मीटरला दोन मीटरच्या वर जाऊ दिला नाही. त्यांनी ते वाफेच्या इंजिनासाठी केलं, फायदा आपल्या गुडघ्यांना.

तरी दिशा विचार करून ठरवावी. अमेरिकेत पिट्सबर्ग ते कंबरलँड अशी ग्रेट अलेगेनी पॅसेज नावाची २४० किलोमीटरची वाट आहे. तिचा माथा ७२९ मीटरवर. कंबरलँडकडून निघालात तर ३८ किलोमीटरमध्ये सुमारे ५४० मीटर चढायचे, पुढे दोनशे किलोमीटर जवळजवळ उतारच. पिट्सबर्गकडून आलात तर साधारण तेवढीच उंची त्या दोनशे किलोमीटरमध्ये वाटली जाते. चढ आहे हे पायांना कळतही नाही, आणि शेवटचे ३८ किलोमीटर नुसतं ब्रेकवर बोट ठेवून बसायचं. मी दुसरी बाजू घेईन. ताज्या पायांनी चढ आधी उरकावा म्हणणारेही पुष्कळ भेटतात. दोन्ही गावं रेल्वेनं जोडलेली आहेत, पण तिथली गाडी दिवसातून एकदाच, आणि सायकलीचं आरक्षण वेगळं. शिवाय माथ्याजवळचा बिग सॅव्हेज बोगदा, सुमारे एक किलोमीटरचा, हिवाळ्यात दारं लावून बंद ठेवतात. म्हणजे पुन्हा आधी वेळापत्रक.

सपाट वाट म्हणजे आरामाची वाट, हा मात्र गैरसमज. घाटात उतार लागला की पाय थांबतात, माणूस सीटवरून उठतो. इथे तासन्‌तास एकच लय, एकच बैठक. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाय ठणठणीत आणि खुर्चीत बसवत नाही, अशी गत होते. दर पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, हात हँडलवर इकडेतिकडे हलवायचे. खडीवर वेगही कमी पडतो. एरवी दिवसाला ८० किलोमीटर करत असाल तर इथे ६० धरा. टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद हवेत. पावसानंतर बारीक टायर खडीत रुततात.

आणि दिवा भर दुपारीही हाताशी ठेवा. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या एलरॉय-स्पार्टा या रेल-ट्रेलवर एक बोगदा जवळजवळ १.२ किलोमीटरचा आहे. आत सायकल हातात धरून चालावं लागतं, छतातून पाणी ठिबकत असतं, बाहेर ऊन असलं तरी आत अंगावर जाकीट लागतं.

सामान कमीच घ्या, पण दोन ट्यूब, पंप आणि एक लांब पट्टा विसरू नका. पट्टा फलाटासाठी. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी सगळ्या पिशव्या उतरवायच्या, पट्ट्यानं एकत्र आवळायच्या आणि सायकलींचा डबा कुठे लागतो ते स्टेशनवरच्या माणसाला विचारायचं. शक्य झालं तर दोघांना विचारायचं. मला त्या दिवशी एकानं सांगितलं होतं, पुढे म्हणून.