मिरजेची हजेरी

श्रोतेहो, नमस्कार.

तंबोरा घेऊन रेल्वेने प्रवास केलाय का कधी? केला नसेल तर सांगते, तान्हं मूल परवडलं. मूल निदान मांडीवर मावतं. तंबोरा बाकाखाली जात नाही, वरच्या फळीवर ठेवायला धीर होत नाही, आणि उभा केला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला कोपर लावून जातो. शेवटी मी माझ्या बर्थवर त्याला भिंतीच्या बाजूला निजवलं आणि उरलेल्या वीतभर जागेत मी आडवी झाले. पुण्याहून मध्यरात्र उलटल्यावर निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस होती. तिकीट तपासनीस आले, माझ्याकडे पाहिलं, खोळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "यांचं तिकीट?" मग स्वतःच हसून पुढे गेले.

मी निघाले होते मिरजेला. निमित्त दोन होती. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. कित्येक वर्षं "एकदा जायचं" म्हणत होते, ती एकदाची शनिवार-रविवारला धरून आली. दुसरं निमित्त खोळीत होतं. आईचा तंबोरा. तिने तो लग्नाआधी मिरजेहूनच आणला होता. मध्यंतरी आमच्याकडे एका दुकानात जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून झंकार खुलवायला, दिला, आणि तिथे तो असा काही घासला की तंबोऱ्याचा डबा झाला. तार छेडली की 'टण्ण' करून गप्प. आई गेल्यापासून तो तसाच कोपऱ्यात उभा होता.

पहाटे मिरज आलं. लॉजवाल्याने "तुमचं नाव वहीत दिसत नाही" असं सांगून अर्धा तास ताटकळत ठेवलं. उरुसाच्या दिवसांत मिरजेत खोली मिळणं कठीण, तेव्हा भांडायची सोय नव्हती. चहा घेतला, तोंड धुतलं आणि दुकानं उघडायच्या वेळेला सतारमेकर गल्ली गाठली.

गल्लीत कुठे दारात उन्हाला भोपळे ठेवलेले, कुठे नुसत्या दांड्या भिंतीला टेकलेल्या, आतून कानशीचा आवाज. हे भोपळे खायचे नव्हेत, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, महिनोन्‌महिने वाळतात, मग कापून, आत लाकडाचे आधार देऊन त्यांचा आकार धरतात. हा धंदा इथे आला कसा, त्याची गंमत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू हे शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम बसलं. हात तर धातूला आणि लाकडाला सरावलेले. ते वाद्यांकडे वळले, आणि पुढे त्या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या गल्लीच्या जिवावर.

मी ज्यांच्याकडे गेले त्या चाचांनी खोळ काढली, पण तारा लगेच छेडल्या नाहीत. आधी भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, जसं आपण नारळ घेताना करतो. मग दांडीवरून डोळा लावून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, वाद्य चांगलंय. घोडी मारून टाकलीय कुणीतरी."

घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची रुंद पट्टी. तिचा माथा सपाट वाटतो, पण सपाट नसतो. केसाएवढा उतार असतो, आणि कंपणारी तार त्या उतारावर हलकेच घासत जाते. त्या घासण्यातून तंबोऱ्याचा झंकार उठतो. तारेच्या आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो अचूक जागी बसला की आवाज उमलतो, जरा इकडेतिकडे झाला की मिटतो. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून न लावलेला गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येतो, हे गाणाऱ्यांना ठाऊक असतं. तार तिथे चारच. पंचम म्हणजे 'प', दोन जोड म्हणजे 'सा', आणि खर्ज म्हणजे खालचा 'सा'. गंधाराची तार कुठेच नाही, तरी तो आहे.

"किती वेळ लागेल, चाचा?"

"कानाला पटेपर्यंत. उद्या दुपारी या."

"आज नाही का होणार?"

त्यांनी कानस खाली ठेवली. "घाई करायची तर तुमच्या गावातच झालं होतं की काम."

यावर मी काय बोलणार! गप्प बाहेर आले, भडंग खाल्लं, लॉजवर जाऊन झोपले.

आता खाँसाहेबांविषयी. अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे, जन्म १८७२ चा. किराणा घराणं म्हणतो ते याच गावच्या नावावरून. मिरजेशी त्यांचं नातं जडलं त्याची हकीगत इथे सगळे सांगतात. प्लेगने गाठलं, मिरासाहेबांच्या दर्ग्यात येऊन ते पडून राहिले, गायले, बरे झाले, आणि मग या गावाचेच झाले. उरुसात त्यांची हजेरी चुकत नसे. हिराबाई बडोदेकर या त्यांच्या कन्या, त्यांचा जन्मही मिरजेचा, १९०५ चा. ज्यांच्या नावाने पुण्यात 'सवाई' महोत्सव होतो ते सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेनजी. महाराष्ट्रातलं निम्मं गाणं या दर्ग्याच्या अंगणातून गेलंय, असं म्हटलं तर कुणी वाद घालू नये.

मला स्वतःला खाँसाहेबांचं वेड लागलं ते त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीने. तीन-साडेतीन मिनिटांची जुनी तबकडी. पण मी आज सांगतेय ते त्यांच्या कानाविषयी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या सूक्ष्म सुरांची, मोजमापं करत होते, तेव्हा गळ्यातून श्रुती नेमक्या काढून दाखवायला खाँसाहेब होते. तंबोऱ्याची जवारी ते स्वतःच्या हाताने काढत, अशी त्यांची ख्याती. टिपू मियाँ नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सूर धरायला शिकवलं होतं म्हणतात. कुत्र्याची गोष्ट ऐकून लोक हसतात. मी नाही हसत. ज्याला सूर चुकलेला सहन होत नाही, त्याने घरातल्या कुणालाच मोकळं सोडलं नसणार.

रात्री नऊच्या सुमारास दर्ग्यात गेले. बाहेर उरूस ऐन भरात. पाळणे, खेळण्यांच्या पिपाण्या, खजुराचे ढीग, बांगड्या. या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाकडून चढतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या गर्दीतून चपला हातात घेऊन आत शिरलं की आवारात खाँसाहेबांची कबर आहे, आणि चिंचेचं झाड. त्या झाडाखाली सभा. तिकीट नाही, पास नाही, पहिली रांग कुणाच्या नावाने राखलेली नाही. सतरंजीवर जागा दिसेल तिथे बसायचं. माझ्या एका बाजूला मांडीवर नातू झोपलेल्या आजीबाई, दुसऱ्या बाजूला पांढरी टोपी घातलेले एक आजोबा. त्यांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "कुठून आलात, ताई?"

"पुण्याहून."

"सवाईला जात असाल मग."

"जाते की. दरवर्षी."

"तेही आमचंच," ते म्हणाले आणि समोर पाहू लागले.

गायला एक तरुण मुलगा बसला. मागे दोन तंबोरे. त्याने तंबोरे लावायला घेतले आणि पाच मिनिटं झाली, दहा झाली, लागेनात. पुण्यात असं झालं की मंडपातले निम्मे लोक चहाला उठतात, उरलेले मोबाइल काढतात. इथे कुणी उठेना. बाहेरून पाळण्याच्या मोटारीची घरघर येत होती, कुणीतरी पिपाणी वाजवत होतं, आणि आत शे-दोनशे माणसं दुसऱ्या तंबोऱ्याचा जोड पंचमाशी कधी मिळतो याची वाट पाहत होती. आजोबा डोळे मिटून होते. तो खुंटी पिळायचा, मणी किंचित वर ढकलायचा, पुन्हा छेडायचा. एकदा मला वाटलं, लागला. आजोबांनी मान हलवली, नाही. पुढच्या छेडीला त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला, आणि त्याच क्षणी त्या मुलाने मागे न बघता मान डोलावली. चिंचेखाली नुसता षड्ज भरून राहिला. गाणं अजून सुरूच व्हायचं होतं, आणि मला वाटलं, मी आले होते ते झालं.

गाणं कसं झालं विचाराल, तर चांगलं झालं. आलापी सुरेख, ताना थोड्या जास्त. किराण्याच्या गाण्यात तानांची एवढी हौस कशाला, हे माझं जुनं दुखणं आहे, ते सोडून द्या. मला लक्षात राहिलं ते त्याचं उठणं. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, पण त्याने आधी लोकांना नमस्कार केला नाही. कबरीच्या दिशेला तोंड करून वाकला, मग आमच्याकडे वळला. इथे येणारे कलाकार "माझा कार्यक्रम आहे" म्हणत नाहीत, "हजेरी लावायचीय" म्हणतात. शाळेत मास्तर नाव घेतात आणि आपण 'हजर' म्हणतो ना, ती हजेरी. मास्तर तिथेच झोपलेले.

खाँसाहेब गेले ते २७ ऑक्टोबर १९३७ ला, मिरजेपासून फार लांब. मद्रासकडून पाँडेचरीला निघाले होते. रात्री आगगाडीत छातीत दुखू लागलं, म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. सांगतात की फलाटावर वळकटी पसरली, तंबोरा लावून घेतला, दरबारीच्या सुरांत कलमा म्हटला आणि तिथेच प्राण सोडला. मग त्यांना मिरजेला आणून या आवारात ठेवलं. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय. त्या रात्री चिंचेखाली बसल्यावर पहिल्यांदाच एक साधी गोष्ट सुचली. छातीत कळ येतेय, परमुलुख, अंधारं स्टेशन, आणि तशातही त्यांनी तंबोरा आधी लावून घेतला.

सभा संपवून लॉजवर आले तेव्हा दीड वाजला होता. केसांत चिंचेची बारीक पानं अडकली होती.

रविवारी दुपारी चाचांकडे गेले. तंबोरा तयार होता. घोडी बदललेली नव्हती, तीच होती, आईच्या वेळची. तिच्यावरच काम केलं होतं. "नवी बसवली असती तर लवकर झालं असतं," चाचा म्हणाले, "पण ही जुनी हाडाची आहे, कशाला टाकायची?" त्यांनी माझ्या पट्टीला, काळी चारला, लावून दिला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मी भोपळ्याला कान लावून छेडला. आईकडे शिकायला येणाऱ्या मुली गेल्या की ती संध्याकाळी एकटी तंबोरा घेऊन बसायची, काही गायची नाही, नुसती छेडत राहायची. स्वयंपाकघरात आम्हाला तो आवाज यायचा. तोच होता. मला बोलता येईना, चाचांनीही काही विचारलं नाही. दाढीतला लाकडाचा भुसा झटकत पैसे मोजून घेतले.

"तारा फार उतरवू नका," एवढं म्हणाले. "अर्धा सूर उतरवा, पुरे. आणि गाडीत भिंतीला टेकवू नका."

"मग कुठे ठेवू, चाचा?"

"मांडीवर घ्या की. आपलंच आहे."

परतीच्या गाडीसाठी मिरज जंक्शनवर आले. गाडी उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर बसले आणि सांगितल्याप्रमाणे तंबोरा मांडीवर आडवा घेतला. पलीकडच्या रुळावरून एका मालगाडीच्या इंजिनाने लांबलचक भोंगा दिला. तो थांबला, आणि खोळीच्या आतून बारीक आवाज येत राहिला. मी हात लावला नव्हता. भोंग्याचा सूर कुठल्या तरी तारेला भेटला असणार. मी खोळीवर कान ठेवला. शेजारी बसलेली कॉलेजातली मुलगी बघत होती. तिने कानातली बोंडं काढली आणि विचारलं, "काकू, आत काय आहे?"

"ये, ऐक," म्हटलं.

ती वाकली. पुढचा भोंगा यायची वाट पाहत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.