शेवटच्या रांगेतल्या काकूंना शब्द कळला पाहिजे

(इंदूर, सुदामानगर. संध्याकाळचे पाच. मांडवाच्या मागच्या बाजूला गाडी लागली आहे, सामान उतरतंय.)

हे जे दोघं एकेक स्पीकर पोटाशी धरून येतायत ना, ते आमच्या बँडचे गिटारवाले आणि काहोनवाले (काहोन म्हणजे वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका). बारा इंची ॲक्टिव्ह स्पीकर आहे, म्हणजे ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच, वजन रिकाम्या गॅस सिलेंडरएवढं. दोन स्पीकर, दोन स्टँड, एक मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर), मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारं यंत्र), वायरींची पेटी, एवढं सगळं एका गाडीत बसतं आणि वरून आम्ही चौघं. पण इथपर्यंत यायला चार वर्षं लागली आणि पैसे दोनदा गेले, म्हणून छोट्या बँडने आवाजाचं सामान कसं निवडावं आणि कसं लावावं ते सांगतोय.

पहिला सेट घ्यायला गेलो तेव्हा आम्हाला एकच प्रश्न विचारता येत होता, किती वॉट? दुकानदार म्हणाला, भिया दो हजार वॉट, पूरा मैदान हिल जाएगा. झालं, १५ इंची दोन मोठे डबे आणि वेगळा ॲम्प्लिफायर घेऊन आलो. पहिला कार्यक्रम रामबागेत, भावगीतांचा. डबे स्टेजच्या दोन्ही बाजूंना जमिनीवरच ठेवले, कारण एवढं ओझं पेलणारे स्टँड घ्यायला पैसेच उरले नव्हते. दुसऱ्या गाण्याला पहिल्या रांगेतले आजोबा कानात बोटं घालून उठून गेले. आणि सगळं संपल्यावर शेवटच्या रांगेतल्या एक काकू आमच्या गायिकेकडे आल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आवाज खूप होता गं बाळा, पण शब्द एक कळला नाही."

त्या रात्री सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो, भुट्ट्याचा कीस समोर आला आणि तसाच गार झाला.

मग हळूहळू समजत गेलं. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. शिवाय डब्यावर लिहिलेला आकडा बऱ्याचदा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या उसळीचा असतो, सतत चालणारा नाही. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघायची, एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल येतात ते. एक डबा ९२ चा आणि दुसरा ९८ चा असेल तर ९२ वाल्याला तेवढाच आवाज काढायला चौपट पॉवर लागते. ॲक्टिव्ह स्पीकर असेल तर सरळ मॅक्स एसपीएल वाचा, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल काढतो तो आकडा, आणि तोही बहुतेकदा पीकचा असतो हे लक्षात ठेवा.

(स्पीकर स्टँडवर चढतोय. एक जण दांडा धरतो, दुसरा वर उचलतो, खालची पिन आत जाते.)

हे नीट बघा, माझ्या मते सगळ्यात स्वस्त अपग्रेड हाच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी पडतो. पहिली रांग दोन मीटरवर आणि शेवटची सोळा मीटरवर असेल तर फरक झाला १८ डेसिबलचा, आजोबा का उठले ते इथेच कळतं. स्पीकर उंच नेला की पहिली रांगही त्याच्यापासून लांब जाते, फरक कमी होतो. दुसरं असं की शब्द ओळखू येतो तो त्यातल्या व्यंजनांमुळे, स, श, त, च, हे सगळे आवाज वरच्या पट्टीतले, दोन हजार हर्ट्झच्या पुढचे, आणि ते समोरच्या माणसांच्या अंगात, साड्यांत, शालीत मुरतात. बेस मात्र आरामात मागे पोचतो. म्हणून काकूंना धमधम मिळाली आणि "श" पहिल्या चार रांगांतच संपला. हॉर्न, म्हणजे स्पीकरचा बारीक आवाज काढणारा वरचा भोंगा, उभ्या माणसाच्या डोक्यावरून दिसला पाहिजे, एवढंच माप लक्षात ठेवा.

आणि १५ इंची म्हणजे १२ पेक्षा चांगला असं अजिबात नाही. मोठा कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) गळ्याच्या वरच्या पट्टीत आवाज बाजूला पसरवत नाही, समोरच फेकतो. आम्ही डबे विकले, तोट्यात विकले, आणि नवे घ्यायच्या आधी तीन वेगवेगळे बारा इंची एकेक संध्याकाळ भाड्याने आणून वाजवले. कॅफेत वाजवत असाल, विजयनगरकडे वगैरे जिथे टेबलं अगदी अंगावर असतात, तर कॉलमवाली सिस्टिम पण ऐकून बघा. बोसने २००३ साली एल१ आणली त्या धर्तीची, बारीक उभा खांब, जवळच्याला टोचत नाही.

(माइक चेक. गायिका "सा" लावते. कुईंऽऽ.)

हा फीडबॅक. माइकचा आवाज स्पीकरमधून पुन्हा माइकमध्ये, गोल गोल. लोक लगेच इक्वलायझरकडे, म्हणजे जाड-बारीक पट्ट्या कमी-जास्त करायच्या बटणांकडे धावतात, आधी स्पीकर कुठे आणि माइक कुठे ते बघा. मेन स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. मॉनिटर कुठे ठेवायचा ते माइकवर ठरतं, शुअरचा एसएम५८, जो १९६६ पासून आहे, तो कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून जास्त आणि मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोब्बर त्याच्या शेपटीकडे. सुपरकार्डिऑइड माइक असेल, जो थेट मागूनही थोडं ऐकतो, तर मॉनिटर जरा कडेला सरकवा. आणि हे बघा, तिचा हात. आधी ती जाळीभोवती मूठ आवळायची, त्याने माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. आता दांड्याला धरते, बोटं खाली.

स्पीकरनंतरचा पैसा मॉनिटरमध्ये टाका हे मी अगदी कळकळीने सांगतो. गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू आला नाही की तो जोर लावतो, तिसऱ्या गाण्याला गळा बसतो, सूरही चढतो.

विजेबद्दल थोडं थांबून. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर गिटारला हात आणि माइकला ओठ लागल्यावर झटका बसू शकतो. आमच्या गिटारवाल्याला एकदा बसलाय, ओठ थरथरताना बघितलाय मी. हम, म्हणजे स्पीकरमधली विजेची घुंईं, जावा म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका. स्टेज आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, अर्थिंग तपासून घ्या, हम आलाच तर डीआय बॉक्सचं (गिटार मिक्सरला जोडायच्या डबीचं) ग्राउंड लिफ्टचं बटण त्याच्यासाठीच असतं.

मिक्सर आम्ही टॅबलेटवर चालणारा घेतला, बाहेरचा राउटर लावून, कारण गर्दीत मोबाइल वाढले की मिक्सरचं स्वतःचं वाय-फाय सुटतं. गळ्याच्या चॅनलवर, म्हणजे गायिकेच्या माइकवर, शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापलंय, स्टेजची धडधड तिथे नकोच. आणि सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा मोठा डबा, अजून घेतलेला नाही. रंगपंचमीच्या गेरमधले (मिरवणुकीतले) डीजे ऐकून मुलांना वाटतं आपणही घ्यावा, पण काहोन आणि गिटारला बारा इंची पुरतो. ड्रमसेट आला की बघू.

(रात्रीचे साडेनऊ. टॅबलेट हातात घेऊन निवेदक खुर्च्यांच्या मधून मागे चालत जातो.)

शेवटच्या रांगेत येऊन उभा राहतो मी, दर कार्यक्रमात, दोन गाणी तरी. इथे गिटार जरा गळ्यावर चढतेय, खाली घेतो. कीबोर्ड ठीक. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतलाच, तेव्हा अजून तीन गाणी होतील. शेजारच्या खुर्चीवर एक आजी बसल्यात, त्यांना वाकून विचारतो, आजी, शब्द कळतायत का?

"कळतायत रे. तू सरक जरा, दिसत नाहीये."