हिरवळीवरची पावलं

नमस्कार श्रोतेहो. लॉन कुठे पिवळं पडलं की आपला हात आधी फवारणी पंपाकडे जातो. आज माझं सांगणं एवढंच आहे, की आधी कारण शोधा आणि मग पंप उचला. कारण पुष्कळदा किडीचा काही संबंधच नसतो. पाणी कमी पडलेलं असतं, नाहीतर जास्त झालेलं असतं, किंवा कापणी यंत्राचं पातं बोथट झालेलं असतं. पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून ओढून बघा. सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं आणि खाली पांढऱ्या, अर्धगोल वाकलेल्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी, म्हणजे गवताची मुळं खाणारी कीड. गवत घट्ट राहिलं, तर हुमणीचं औषध टाकून काहीही साधणार नाही.

आता एक हकिकत सांगते, कारण ती पाहिल्यापासून फवारणीकडे मी वेगळ्याच नजरेनं बघते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. लॉनवर त्यांचा फार जीव. एकदा त्यांचा फोन आला, "अहो, लॉनवर कसलासा रोग आलाय. ठिपके पडलेत पिवळे. जरा येऊन बघता का?"

गेले. ठिपके होते खरे, पण विखुरलेले नव्हते. बागेतल्या फरसबंद वाटेपासून ते निघाले होते आणि लॉन ओलांडून पलीकडच्या नळाकडे गेले होते. पहिले पाच-सहा अगदी ठळक, पुढचे फिकट, नळाजवळ नुसत्या टाचेएवढे. मी वाकून बघितलं. एक ठिपका डावीकडे, पुढचा उजवीकडे, दोन्हींत एका पावलाचं अंतर. त्यांना म्हटलं, "इथे पाय ठेवून बघा बरं." त्यांनी ठेवला. ठिपका त्यांच्या बुटाखाली पुरता झाकला गेला.

मग सगळं उलगडलं. आठ-दहा दिवसांपूर्वी त्यांनी वाटेच्या फटींतलं गवत मारायला ग्लायफोसेट फवारलं होतं. फवारणी अगदी नेटकी केली होती: वारा नव्हता, नोझल जमिनीलगत, लॉनवर एक थेंब उडू दिला नव्हता. पण त्या ओल्या वाटेवरूनच ते चालत मागे आले आणि पंप धुवायला लॉनवरून नळाकडे गेले. तळव्याला लागलेलं तणनाशक पावलापावलानं गवतावर उतरलं. ग्लायफोसेट लगेच दिसत नाही. ते पानातून आत शिरतं, मुळापर्यंत जातं आणि गवत पिवळं पडायला आठवडाभर लागतो. तोवर फवारणी केली होती हेही माणूस विसरून जातो.

ठशांची दुसरी एक ओळ होती. ती झोपाळ्यापाशी गेली होती, नात तिथे खेळत होती म्हणून. तिथून मागच्या दारापर्यंत. पायरीशी ठसे संपले. पायरीच्या पुढे गवत नव्हतं, फरशी होती, म्हणून ते दिसले नाहीत इतकंच. बूट तर घरात गेलेच होते. त्यांच्या पत्नी काही न बोलता आत गेल्या आणि सगळी पायपुसणी बाहेर घेऊन आल्या.

श्रोतेहो, औषध फवारलं तिथेच थांबत नाही. पुन्हा सांगते, फवारलं तिथेच थांबत नाही. बुटाबरोबर जातं, वाऱ्याबरोबर जातं, पाण्याबरोबर गटारात जातं. म्हणून फवारताना मागे मागे सरकत या, ओल्या भागावर पाय पडू देऊ नका, आणि बूट दाराबाहेर काढा. मुलं आणि पाळीव जनावरं लेबलावर लिहिलेला वेळ होईपर्यंत लॉनवर नकोत. निदान सगळं पूर्ण वाळेपर्यंत तर नकोतच.

निवडीबद्दल थोडक्यात. ग्लायफोसेट लॉनमधल्या तणावर मारू नका, ते लॉनही मारतं. रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी हे तणनाशक चालतं, ते गवताला सहसा इजा करत नाही. पण काही जातींचं गवत नाजूक असतं, म्हणून आपल्या गवताचं नाव लेबलावर आहे का ते बघा. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. जमिनीत त्याच्या गाठी असतात, त्याला हॅलोसल्फ्युरॉनसारखं वेगळं औषध लागतं.

आणि खरं सांगू? चार तणं राहिली तर राहू द्यावीत. कॅनडात क्वेबेकमधल्या हडसन या छोट्या गावानं 1991 मध्ये निव्वळ शोभेसाठीच्या फवारणीवर बंदी घातली. लॉन सांभाळणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गावाचा निर्णय कायम ठेवला. मला त्या गावाचं फार कौतुक वाटतं. गवत फार खुरटं कापू नका, एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त नको. दाट, उंच गवतात तण फारसं उगवतच नाही. हे बोलायला लागले की मला थांबवत नाही, पण मापाकडे येते.

लॉनची लांबी-रुंदी मोजा. बारा मीटर गुणिले आठ मीटर म्हणजे 96 चौरस मीटर. लेबलावरची मात्रा त्या हिशेबानं काढा. आधी पंपात साधं पाणी भरून तेवढ्या जागेला किती लागतं ते बघा. अंदाजे झाकणभर नको, आणि "जरा जास्त" तर नकोच. फुललेल्या तणावर मधमाश्या येतात, म्हणून कीटकनाशक मारण्याआधी ती फुलं कापून घ्या. लांब बाह्या, रसायनाला टिकणारे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकू नका. कपडे वेगळे धुवा. डबा रिकामा झाला की तीन वेळा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. उरलेलं औषध दुसऱ्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका.

डोळ्यात उडालं, तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवत राहा. मग डॉक्टरांकडे जा, आणि जाताना डब्यावरचं लेबल सोबत न्या. नमस्कार.