टर्बो ब्रश की मोटरवाला? हवेत फिरवून बघू नका, गालिच्यावर टेकवा

नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरहून, आमच्या लश्करच्या घरातून. मागच्या व्हॅक्यूमच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की टाइप करून बोटं दुखली, म्हणून आज कॅमेराच लावला. कार्पेटसाठी ब्रश हेड घ्यायचं तर हवेवर फिरणारं घ्यावं की मोटरवालं?

बेसिक पटकन उरकतो. नुसत्या सक्शनने वरवरची धूळ जाते, लवेच्या मुळाशी बसलेली वाळू जात नाही, ती फिरत्या ब्रशने झटकून वर काढावी लागते, आणि मे महिन्यात आंधी आली की घरात काय काय येऊन बसतं ते ग्वाल्हेरवाल्यांना मी काय सांगणार. टर्बो ब्रशच्या पोटात एक छोटा पंखा असतो, मशीन जी हवा ओढतं तिच्यावरच तो फिरतो, वायर नाही काही नाही, पाइपचं माप जुळलं की लावला. मोटरवाल्याला करंट लागतो, म्हणजे पाइपातून वायर आलेली हवी किंवा दांडीच्या टोकाला पिना हव्यात. तुमच्या मशीनला ती सोयच नसेल तर चर्चा संपली, टर्बोच घ्या.

आता माझं खरं दुखणं. दुकानात काय करतात, टर्बो ब्रश लावतात, मशीन चालू करतात आणि हेड हवेत उचलून दाखवतात. सुंईऽऽ करून असा फिरतो की गिऱ्हाईक खूश! अहो, हवेत तो फिरणारच, हवा मोकळी येतेय आणि ब्रशला अडवायला समोर काहीच नाही. गालिच्यावर टेकवलात की दोन गोष्टी एकदमच होतात, लव ब्रशला धरून ठेवते आणि हेडचं तोंड दाबलं गेल्यामुळे हवाही कमी येते. म्हणजे जोर जेव्हा हवा तेव्हाच जोर गेला. मोटरवाल्याचं तसं नाही, हवा कमी येवो की जास्त, त्याचा ब्रश आपल्या मोटरवर फिरतो.

हा बघा, हा माझाच टर्बो. हवेत... ऐकलात आवाज? आता या जाड गालिच्यावर ठेवतो. गेला ना आवाज खाली? आता जरा दाबतो. थांबला! आपल्याला सवय असते डाग दिसला की जोर लावायची, पोछा मारल्यासारखी, पण टर्बोला दाबलं की तो बसतो. हलक्या हाताने, सावकाश मागे ओढायचा.

एका ताईंनी लिहिलंय, ‘दादा आमचा आधी मस्त फिरायचा, दोन महिन्यांत मेला, डुप्लिकेट निघाला वाटतं.’ ताई, आधी पिशवी बघा, मग फिल्टर. पिशवी भरत आली की हवा कमी, हवा कमी की ब्रश मंद, तोच हिशोब परत. आणि हँडलवर ती सरकपट्टी असते ना, पडदे साफ करताना ओढ कमी करायला आपण उघडतो आणि तशीच विसरतो, ती उघडी असेल तर हवा तिथूनच आत शिरते, ब्रशपर्यंत पोचतच नाही. मी स्वतः या पट्टीपायी अख्खा ब्रश खोलून बसलो होतो एकदा, स्क्रू सोफ्याखाली गेले, बायको अजून ऐकवते.

मग मोटरवालाच बेस्ट का? भिंतीपासून भिंतीपर्यंत कापीव लवेचं सिंथेटिक कार्पेट असेल, घरात कुत्रा असेल, तर हो, डोळे मिटून. पण आमच्या गावात घरोघरी हाताने विणलेले गालिचे, ग्वाल्हेरच्या गालिच्याला 2023 साली जीआय टॅगसुद्धा मिळालाय, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना झालर. नवीन पॉवर हेड, म्हणजे हाच मोटरवाला ब्रश, घेतल्या घेतल्या मी हौसेने आत्याकडे गेलो, शिंदे की छावनीला, म्हटलं आत्या बघ आता कमाल. कमाल अशी झाली की झालर ब्रशने गिळली, मोटर घुंऽऽ करत अडकली, रबर जळल्याचा वास सुटला आणि बेल्ट तुटला. आत्या काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तिने ओरडलेलं परवडलं असतं हो!

तर झालरीवर कुठलाच फिरता ब्रश नको, साधं हेड लावा आणि मधून बाहेरच्या बाजूला ओढा. लांब केसाळ गालिचा असेल किंवा लव न कापता गाठी-गाठी ठेवलेल्या असतील तरी नको, एक धागा अडकला की अख्खी ओळ उसवते. ब्रश बंद करायचं बटण असलेलं हेड मिळालं तर उत्तमच. दरीला, म्हणजे सतरंजीला, तर ब्रश लागतच नाही, दोन्ही बाजूंनी साधं सक्शन पुरतं.

अजून एक कमेंट, ‘मोटरवाला ब्रश म्हणजे नवीन फॅड, कंपन्यांचे धंदे.’ नवीन? ओहायोतल्या कँटन गावात स्पँगलर नावाचा एक सफाई कामगार होता, दम्याने बेजार, त्याने 1908 साली ज्या मशीनचं पेटंट घेतलं त्यात फिरता ब्रश मोटरवरच चालायचा. तुमच्या पणजोबांच्या काळातलं फॅड आहे ते, साहेब.

आणि ज्यांचा भाचा अमेरिकेहून पॉवर हेड घेऊन येतोय त्यांनी त्याला आजच फोन करा. तिकडे 120 व्होल्ट, आपल्याकडे 230. हेडच्या खाली स्टिकर असतो, त्याचा फोटो मागवा, 120 लिहिलं असेल तर म्हणावं येताना बदाम आण.

थांबा, हा ब्रश उलटा करतो, टोकाला बघा किती केस गुंडाळलेत. हेच बेअरिंगपाशी जाऊन तापतात, मग ब्रश जाम होतो आणि तुम्ही मला लिहिता की डुप्लिकेट निघाला. कात्री कुठे ठेवली मी...