पुस्तकावर मत द्यायचं म्हणजे काय करायचं? रहस्यकथा आणि आत्मकथनं

नमस्कार मंडळी! मी सोलापुरातून बोलतेय.

"छान आहे." "खिळवून ठेवतं." "एका बैठकीत संपवलं." कुणालाही विचारा, पुस्तक कसं वाटलं, की यातलं एखादं वाक्य हमखास येतं. बोलणारा मनापासून बोलत असतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला चालतात. आमचा एक छोटा वाचकगट आहे. त्यात घरी तेलुगू बोलणारे आहेत, कानडी बोलणारे आहेत, पण वाचतो सगळे मराठी. सगळ्यात जास्त वाचल्या जातात रहस्यकथा आणि आत्मकथनं, आणि वादही यांच्यावरूनच पेटतात. ते वाद ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. वरवर पाहता या दोन प्रकारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हींवर बोलताना विचारायचा प्रश्न एकच आहे. लिहिणाऱ्याने काय लपवलं, आणि कशासाठी?

आधी रहस्यकथा घेऊ.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांच्या नायकांची नावं आजही साठीपुढच्या माणसासमोर घेऊन बघा, चेहरा लगेच खुलतो. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. ही पुस्तकं विकत घेणारे थोडे आणि दिवसाच्या भाड्याने नेणारे फार, त्यामुळे एकेक प्रत शेकडो हातांतून फिरायची. अशाच एका बंद पडलेल्या लायब्ररीची ही प्रत माझ्याकडे आली.

(पुस्तक उघडून कॅमेऱ्यासमोर धरत)

हे बघा. पहिलं पान. लायब्ररीच्या जांभळ्या शिक्क्याखाली बारीक पेन्सिलीने कुणीतरी लिहून ठेवलंय, "खुनी भाचा आहे." आणि त्याच्या खाली, वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईने, "खोटं आहे. वाचा."

पुस्तकाचं नाव मी झाकून धरलंय, कारण तुम्हाला ते कधीतरी मिळू शकतं. पण या दोन ओळी बघा. दोन्ही वाचक आपापलं मतच देतायत. पहिल्याने पुढच्या प्रत्येकाचा आनंद हिरावून घेतला. दुसऱ्याने तो परत मिळवून द्यायचा प्रयत्न केला, आणि तोही शेवट न सांगता. मला हा निळ्या शाईवाला वाचक फार आवडतो.

आता तुम्ही म्हणाल, खुनी कोण ते सांगायचं नाही, मग बोलायचं तरी काय? पुष्कळ बोलता येतं. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते, स्वतः गुप्तहेरकथा लिहायचे. त्यांनी 1929 मध्ये अशा कथांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा. गुप्तहेराच्या हाती लागलेला प्रत्येक धागा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवावा. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. म्हणजे लेखकाने लपवावं जरूर, पण ते वाचकाच्या डोळ्यांसमोर लपवावं.

मत द्यायला इथे भरपूर जागा आहे. शेवट कळल्यावर मागे जाऊन पाहिलं तर तो धागा खरंच तिथे होता का? की शेवटच्या दहा पानांत अचानक एखादा जुळा भाऊ उगवला? "शेवट पटला नाही" असं म्हणून थांबू नका. कुठल्या प्रकरणापासून पटेनासं झालं ते सांगा. त्यात रहस्य फुटत नाही आणि ऐकणाऱ्याला नेमकं काहीतरी मिळतं. चांगली रहस्यकथा मी दुसऱ्यांदा वाचते तेव्हा मला आपली सोलापुरी चादर आठवते. उलटी केली की तीच नक्षी, पण रंग उलटे. पहिल्या वाचनात साधं वाटलेलं वाक्य दुसऱ्या वेळी अंगावर येतं. असं एक जरी वाक्य सापडलं तर ते नोंदून ठेवा, त्याच्यावरच बोला.

ॲगाथा ख्रिस्ती यांची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी 1926 मध्ये आली आणि वाचकांत सरळ दोन तट पडले. ही फसवणूक आहे, असं एका बाजूचं म्हणणं. प्रत्येक धागा समोर होता, तुम्ही नीट वाचलं नाही, हे दुसऱ्या बाजूचं. मी दुसऱ्या बाजूची आहे. पुस्तक वाचलं नसेल तर यापुढे त्याबद्दल कुणालाही काही बोलू देऊ नका, आधी वाचून काढा.

त्याच वर्षी काय झालं ते बघा. 3 डिसेंबर 1926 च्या रात्री ख्रिस्ती स्वतःच घरातून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची मोटार गिल्डफर्डजवळ रिकामी सापडली. पोलीस आणि शेकडो माणसं शोधत होती, वर्तमानपत्रं पहिल्या पानावर बातम्या छापत होती. 14 डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. तिथे त्यांनी नाव लावलं होतं नील. नवरा ज्या बाईच्या प्रेमात पडला होता, तिचं हे आडनाव. 1928 मध्ये घटस्फोट झाला. पुढे ख्रिस्ती यांनी ऐसपैस आत्मचरित्र लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये, प्रसिद्ध झालं. बालपणाबद्दल त्या त्यात भरभरून बोलतात. त्या डिसेंबरातल्या नाहीसं होण्याबद्दल एक अक्षर नाही.

रहस्यकथेत लपवलेलं शेवटी वाचकाला द्यावंच लागतं, नाहीतर पुस्तक फसलं. आत्मकथनात तसा करार नसतो. तिथे वाचकालाच शोधावं लागतं की बोलणारा माणूस कुठे गप्प बसला. आणि सापडल्यावर लगेच "अप्रामाणिक आहे" म्हणून मोकळं व्हायचं नाही. आधी बघायचं, या गप्प राहण्याने झाकलं गेलं कोण? ख्रिस्ती यांनी स्वतःचं दुःख झाकलं. माझ्या मते तो त्यांचा हक्क होता.

आता अगदी उलटं उदाहरण, आणि तेही आपल्याच जिल्ह्यातलं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' हे आत्मकथन 1984 मध्ये आलं, तेव्हा ते तिशीचेही नव्हते. ते जन्मले अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरला. आई महार, बाप दुसऱ्या गावचा पाटील. बापाचं नाव लावायचं कसं, हा प्रश्न या मुलाला शाळेपासून चिकटलेला. त्यात स्टँडवर हमाली करणारे महमूद दस्तगीर जमादार आहेत. आजीसोबत राहणारे, मुलगा ज्यांना दादा म्हणतो. ज्याचं रक्त आहे तो विचारत नाही आणि ज्याचा ना रक्ताचा ना धर्माचा संबंध तो जीव लावतो. ही पानं वाचताना माझा आवाज आजही नीट राहत नाही.

या पुस्तकावर गटात जे झालं ते सांगते. गिरणीत आयुष्य काढलेले एक काका म्हणाले, "सगळं खरं असेल, पण घरातलं, आईचं, असं चव्हाट्यावर मांडायचं?" खोली एकदम गप्प. मग अशोक चौकाकडून येणारी आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी म्हणाली, "काका, त्यांनी हे लिहिलं नसतं तर अब्रू कुणाची वाचली असती? आईची, का पाटलाची?"

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू म्हणतीस ते बरोबर आहे. पण मला वाचताना त्रास झाला, हे पण लिहून घे." आणि आम्ही आमच्या वहीत दोन्ही लिहिलं. हे मला फार मोलाचं वाटतं. दोघांनी पुस्तक मन लावून वाचलं होतं आणि दोघांकडे बोट ठेवायला पान होतं.

आत्मकथनावर बोलताना एक पथ्य मात्र पाळाच. माणसाच्या आयुष्याला गुण द्यायचे नाहीत. "यापेक्षा जास्त हाल अमक्याने सोसलेत" हे मत नव्हे, ही तुलना कुणालाच शोभत नाही. लिहिणारा स्वतःकडे किती रोखून बघतो, दुसऱ्याला बोलायला जागा देतो का, ते बघा. लहानपणचे संवाद शब्दन् शब्द आठवत नसतातच, त्याचा फार बाऊ करू नका.

आणि रहस्यकथांशिवाय काही वाचत नाही असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांच्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. सुरुवातीलाच त्यांचे वडील भेटतात, सोवळ्याच्या वेडाने घरादाराला धारेवर धरणारे. त्या वेडाचं मूळ 1857 च्या बंडानंतर कुटुंबात झालेल्या एका फाशीत आहे. कारण आणि परिणाम यांचा असा धागा कुठल्याही गुप्तहेराने लावावा. नवऱ्याने 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो काळ लक्ष्मीबाई कशा सांगतात, तिथे हळू वाचा. कुठे त्या हसतात आणि कुठे पटकन पुढे सरकतात, त्या जागा पेन्सिलीने टिपा. पुस्तक स्वतःचं असेल तरच, लायब्ररीचं असेल तर वहीत.

'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग पुरा व्हायच्या आत, 1936 मध्ये, लक्ष्मीबाई गेल्या. उरलेलं मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केलं. प्रस्तावना न वाचता थेट तो भाग घ्या आणि लेखणी नेमकी कुठल्या पानावर बदलली ते ओळखता येतंय का बघा. येत्या रविवारी आमच्या गटात सगळे आपापला पान क्रमांक चिठ्ठीवर लिहून आणणार आहेत.