चोवीस वर्षांचा मिशनरी आणि १८२९ ची मुंबई

नमस्कार मंडळी! गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज तुम्ही बघितलंयच, निदान सिनेमात तरी. पण ज्याच्या नावाचं ते कॉलेज आहे तो विल्सन म्हणजे कोणीतरी वयस्कर, भारदस्त साहेब असणार असं आपण धरून चालतो ना? जॉन विल्सन मुंबईच्या बंदरावर उतरला तेव्हा चोवीस वर्षांचा पोरगा होता. फेब्रुवारी १८२९. स्कॉटलंडच्या लॉडर नावाच्या गावचा, एडिंबराला शिकलेला, आणि बरोबर बायको मार्गारेट, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुएझ कालवा तेव्हा कुठला, आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजात काढून आलेली जोडी.

आता मिशनरी म्हटलं की लोक लगेच दोन गट करतात, एक म्हणतो देवमाणूस, दुसरा म्हणतो धर्मांतर करायला आला होता. तर हो, त्यासाठीच आला होता, त्यानं ते कधी लपवलं नाही. त्यावर कमेंटमध्ये भांडा खुशाल. मला इंटरेस्ट आहे तो यात की हा माणूस दिवसभर करायचा काय?

अभ्यास! बहुतेक वेळ अभ्यासच. आल्या आल्या त्याला मुंबईत बसवलं नाही, कोकणात पाठवलं. बाणकोट आणि हर्णै, तिथे स्कॉटिश मिशनची ठाणी होती, तिथे बसून मराठी शिकायची. काही महिन्यांत मराठीत बोलायला लागला आणि त्याच वर्षी मुंबईला परत आला, आणि इथे खरी गंमत सुरू होते, कारण नुसत्या मराठीवर मुंबई भागतच नाही. पारशांशी बोलायचं तर गुजराती, आणि त्यांच्या धर्मावर बोलायचं तर अवेस्ता वाचायला हवा. मुसलमानांसाठी हिंदुस्थानी, शिवाय फारसी. ब्राह्मणाशी वाद घालायचा तर संस्कृत, नाहीतर तो दोन मिनिटांत गप्प करणार. आणि बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्यासाठी हिब्रू. एखाद्या खेडेगावात गेला असता तर एका भाषेत काम झालं असतं हो, इथे प्रत्येक मोहल्ल्याला वेगळा पेपर.

आणि मुंबई काही खाली मान घालून ऐकून घेणारी नव्हती. १८३०-३१ मध्ये विल्सनचे जाहीर वाद झाले, मराठीत, लोकांची गर्दी, समोर हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर. वाद संपले तरी मोरभट थांबले नाहीत, त्यांनी पुस्तक छापलं, मग विल्सननं त्याला उत्तर छापलं. पारशांनीही छापील उत्तरं दिली, मुसलमानांशीही असाच लेखी सामना. म्हणजे सोशल मीडियावरचे थ्रेड आज चालतात तसंच, फक्त शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापून. विल्सनचं हिंदू धर्मावरचं लिखाण मी थोडं वाचलंय, माझं मत सांगते, अभ्यास दिसतो पण समोरच्याला समजून घ्यायची इच्छा फारशी दिसत नाही, आधीच निकाल ठरवून लिहिलंय.

बरं एवढं करून किती लोक ख्रिस्ती झाले? सुरुवातीच्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्याच्या आधी १८१३ ला गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी आले, कंपनी सरकारनं तर त्यांना चालते व्हा असाच हुकूम दिला होता, ते कसेबसे टिकले, पण धर्मांतराचा हिशोब त्यांचाही फार काही नव्हता. त्यांचा छापखाना मात्र मराठी छपाईला मोठा उपयोगी पडला.

आता मार्गारेट. तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला तीच जास्त ग्रेट वाटते. तीही मराठी शिकली, आणि आल्यानंतर लवकरच मुलींसाठी शाळा काढायला लागली. सावित्रीबाईंची पुण्यातली शाळा १८४८ ची, ही त्याच्या आधीची गोष्ट आहे, मुलीला शाळेत पाठवायचं म्हणजे आईबापांना पटवण्यातच अर्धा जीव जायचा, आणि पटलं तरी लग्न ठरलं की पोरगी शाळेतून गायब. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा १८३२ पासूनची, ती तिच्याच कामातून उभी राहिली. त्याच वर्षी विल्सननं मुलांची इंग्रजी शाळा काढली, तेच पुढे विल्सन कॉलेज. चौपाटीवरची इमारत बरीच नंतरची, १८८९ ची.

घर, लेकरं, शाळा, भाषा, सगळं एकदम, आणि हवा अशी की युरोपातून आलेले लोक पटापट मरायचे. एप्रिल १८३५ मध्ये मार्गारेट गेली, म्हणजे मुंबईत जेमतेम सहा वर्षं. पुढे तिच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि ‘हे’ (Hay) बेन, स्कॉटलंडहून आल्या आणि शाळांचं काम त्यांनी धरलं. विल्सन मुंबईतच राहिला, १८७५ मध्ये इथेच वारला.

सगळ्यात मोठा राडा झाला १८३९ ला. त्याच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी. पारशी समाज पेटला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी पोरं काढून घेतली, शाळा जवळजवळ रिकामी. म्हणजे बघा, दोन माणसं मिळाली आणि शेकडो विद्यार्थी गेले! कोर्टात मात्र मुलांनी सांगितलं की आम्ही स्वतःहून आलोय, आणि धनजीभाई पुढे स्वतः पाद्री झाले.

चार वर्षांनी असंच अजून एक प्रकरण झालं, शेषाद्री या ब्राह्मण भावांचं, धाकटा श्रीपती अजून लहान होता, कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं, आणि मग प्रश्न आला की मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या या पोराला जातीत परत घ्यायचं की नाही. तिथे बाळशास्त्री जांभेकर मध्ये पडले आणि अर्ध्या मुंबईच्या शिव्या खाल्ल्या. त्यावर पुढचा व्हिडिओ.